केरबा कासवाची घरपट्टी

एका जंगलात घरपट्टी होती. वाघ होते, ओढे होते, करवंदांच्या जाळ्या होत्या, पण ते काय, कुठल्याही जंगलात असतं. घरपट्टी फक्त याच जंगलात होती, म्हणून गोष्टही इथलीच. चुळबुळ करू नका, छोटीच आहे.

या जंगलात केरबा नावाचं एक कासव राहायचं. केरबा मोठा सरळमार्गी. दरवर्षी घरपट्टीचा एक शिंगाडा न चुकता भरायचा आणि पावती जपून ठेवायचा. त्याला कोणी ओळखत नव्हतं. लोक त्याला दगड समजून त्याच्यावर बसायचे.

एका वर्षी घरपट्टी खात्यात कोल्हेसाहेब आले. नवा साहेब आला की नवा फॉर्म येतो, तसा तो आला. त्यात विचारलं होतं, "आपले घर कोठे आहे?" कोणी लिहिलं वडाच्या ढोलीत, कोणी लिहिलं वारुळामागे. केरबाने लिहिलं, "मी जिथे असेन तिथे."

बाळांनो, सरकारी फॉर्मात इतकं खरं लिहू नये.

कोल्हेसाहेबांनी शिपायाला, म्हणजे खंडू गाढवाला, हाक मारली. "खंडू, हा केरबा कुठे कुठे असतो रे?"

"तळ्यावर असतो, साहेब. ओढ्यावर असतो. ऊन खायला टेकाडावर जातो. दलदलीत त्याची सासुरवाडी आहे, तिथे सणावाराला असतो."

"बघ! इतकी घरं, आणि पट्टी भरतो एकाची!"

"आणि साहेब, वाटेत तर तो फारच असतो."

"वाटेतलीही धर!"

मग काय विचारता! केरबाच्या चालीने पावलापावलाला मुक्काम, म्हणून साहेबांनी पावलापावलाला घर धरलं. घरांवर थकबाकी, थकबाकीवर व्याज, व्याज भरलं नाही म्हणून दंड. एकूण इतके शिंगाडे झाले की तेवढे त्या तळ्यात कधी पिकलेच नव्हते. खात्यात याला अंदाज म्हणतात.

आता नोटीस. कायदा सांगायचा, नोटीस घराच्या दर्शनी भागावर चिकटवावी. खंडू बाभळीचा डिंक घेऊन निघाला. केरबा खडकावर पेंगत होता आणि दारातून त्याचं तोंड बाहेर आलेलं होतं. तोंडावर कशी चिकटवणार? गाढव झालं तरी त्याला माणुसकी होती. त्याने नोटीस पाठीवर चिकटवली, वरून दोन थापा मारल्या आणि 'बजावली' असा शेरा लिहून घरी गेला.

केरबाला झोपेत वाटलं, कोणीतरी कौतुकाने पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवसापासून जंगल त्याला वाकून नमस्कार करायला लागलं. जो तो पाठीवरचं वाचायचा आणि डोळे विस्फारायचा. "अबब! एवढी पट्टी! मग इस्टेट केवढी असेल!" त्याच्यावर बसणारी सरूबाई बेडकी आता चार हात लांब बसून "केरबाअण्णा, चहा घ्या की," म्हणायची. रानडुकरांच्या लग्नात त्याला पहिल्या पंगतीला बसवलं. माकडांनी त्याच्या हस्ते फांदीचं उद्घाटन करवलं. फांदीपर्यंत तो पोहोचेना, म्हणून फांदी खाली आणली.

नोटिशीबद्दल त्याला कोणीच सांगितलं नाही. ज्याच्या पाठीवर आहे त्याला ठाऊक असणारच, असं प्रत्येकाला वाटलं. केरबा मात्र हरखून गेला होता. हरकत घ्यायची मुदत सत्कार घेण्यात संपली.

आणि एका सकाळी कोल्हेसाहेब दोरखंड घेऊन हजर.

"केरबा, घर जप्त झालंय. रिकामं करा."

"साहेब, मला नोटीस मिळालीच नाही हो!"

"मिळाली नाही? सगळ्या जंगलाने वाचली!"

"मी नाही वाचली."

"तुम्ही वाचावी असं कायद्यात कुठे आहे? घरावर चिकटवावी एवढंच आहे."

केरबा रडायलाच लागला. "साहेब, हे घर काढलं तर मी उरत नाही. माझी हाडं आहेत ही!"

"तशी नोंद करू," साहेब म्हणाले. "खंडू, लिही. मालक उरला नाही."

केरबाने भीतीने मान आत ओढली. खंडूने दोरी बांधली आणि घर मालकासकट ओढत सिंहमहाराजांच्या दरबारात नेऊन ठेवलं. दुपारी लिलाव ठरला. जो बोली जिंकेल तो कवच उचकटून नेणार होता. आत बिचारा केरबा थरथरत होता, आणि बाहेरून लोकांना वाटत होतं की घर फार हवेशीर आहे.

लिलाव सुरू होणार, तेवढ्यात खंडू एक कागद घेऊन पुढे आला. जप्त घर ज्याच्या ताब्यात, पट्टी त्याच्या नावावर चढते, हा खात्याचा नियम. घर आता दरबारात होतं, म्हणून खंडूने नियमाप्रमाणे नाव बदललं होतं. त्याने खणखणीत आवाजात वाचलं, "थकबाकीदार, सिंहमहाराज. मुदतीत भरणा न केल्यास गुहेतून बाहेर काढण्यात येईल."

महाराजांनी हळूच विचारलं, "कोल्हे, मला कोण बाहेर काढणार?"

कोल्हेसाहेबांचं डोकं विजेसारखं चाललं. "महाराज, छपाईची चूक! चालतं ते घर नव्हे, असं मूळ नियमात आहे. सगळी बाकी माफ!" मूळ नियम त्यांनी तिथेच बसून लिहिला. नोटीस पाण्याने भिजवून काढली, दोरी सोडली, आणि केरबा सुटला. आनंदाने तो पळाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत दरबाराच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचला.

तिथे त्याच्यावर सरूबाई येऊन बसली.

"अहो, मी केरबाअण्णा!"

"कोण केरबा?" कोऱ्या पाठीकडे बघत सरूबाई म्हणाली. "गप बस रे दगडा, पाय दुखतायत माझे."

त्या हंगामात एकाही लग्नाचं बोलावणं आलं नाही. केरबाने फार विचार केला. मग एक दिवस तो खात्याच्या खिडकीशी गेला आणि मान जेमतेम बाहेर काढून दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, थोडीशी बाकी काढता येईल का माझ्याकडे? फार नको. पाठीवर दिसेल एवढी."

कोल्हेसाहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. "दोन शिंगाडे फी पडेल."

केरबाने आगाऊ भरले.

तात्पर्य: बाळांनो, कर वेळच्या वेळी भरावा आणि आयुष्यभर दगड म्हणून सुखाने जगावं. चारचौघांत मान हवा असेल तर थकबाकी ठेवावी. पण ठेवायचीच तर राजाच्या नावावर चढेल एवढी मोठी ठेवावी, म्हणजे ती माफही होते.