खंडेनवमीचं अपग्रेड

आमच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात गेल्या वर्षी सहा महिने रोज एक चौकोन उगवायचा. 'नवीन आवृत्ती तयार आहे. आता घ्यायची?' सिद्धेश्वरी, म्हणजे माझी बायको, दर वेळी 'नंतर' दाबायची. कुणी इतक्या चिकाटीनं विचारतंय आणि आपण रोज नाही म्हणतोय, हे मला बरं वाटेना. (घरात मला एवढ्या अदबीनं कुणी काही विचारत नाही.)

पण कॉम्प्युटर तिचा. त्यावर ती ब्लाउजची नक्षी तयार करते आणि शेजारचं मशीन ती कापडावर भरतं. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. वीस वर्षांपूर्वी एमएससीआयटी एकाहत्तर टक्क्यांनी पास झालो, सर्टिफिकेट हॉलमध्ये लावलंय, तरी त्या टेबलाजवळ मला चहाचा कप घेऊन फिरकायची परवानगी नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा आणि हत्यारांना सुट्टी. कॉम्प्युटर पुसायचं काम मी मागून घेतलं. त्याच्या मागच्या बाजूला बोटभर लांबीची, पेनड्राइव्हसारखी एक निळी वस्तू खोचलेली होती. तीही काढली, पुसली आणि पाटावर कात्रीशेजारी मांडली. कात्रीला मान आणि हिला नाही, हे मला पटेना. माझ्या आईनं, म्हणजे अव्वानं, सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि बजावलं, "आज कुणी हात लावायचा न्हाय बरं का."

दुपारी जेवून दोघी लवंडल्या. कॉम्प्युटर दिवसभर मोकळा! असा योग वर्षातून एकदाच. मी मनाशी म्हटलं, आपण हत्याराला हात कुठं लावतोय, नुसतं 'हो' तर दाबायचंय. दाबलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं.

दसऱ्याला सिद्धेश्वरीनं कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर निळं तळं, मागं डोंगर. फारच देखणं. फक्त नक्षीचं सॉफ्टवेअर उघडेना.

"अहो, काय केलाव तुमी ह्याला?"

"अपग्रेड," मी म्हणालो. "म्हटलं, तुला सरप्राइज."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसली.

दुधनीचे रुद्रप्पा माझे जुने मित्र. त्यांच्या दिपालीचा साखरपुडा रविवारी होता. दिपालीची आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिनं स्वतःच्या हातानं एका इरकल साडीवर कशिदा काढला होता, गोपुरं आणि अंबारीचे हत्ती. साडी आता विरलेली. सिद्धेश्वरीनं भिंग लावून त्यातला टाका न् टाका मोजला आणि चार दिवस खपून ती नक्षी कॉम्प्युटरवर घेतली. तीच दिपालीच्या ब्लाउजच्या पाठीवर भरायची होती. आणि ती फाइल या एकाच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. ते विकणाऱ्यानं केव्हाच दुकान बंद करून गाव सोडलंय.

"त्या पोरीला शब्द दिलाय मी," ती म्हणाली. "आई न्हाय, पण आईचा हात पाठीवर असंल म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या अमरेश सरांना फोन लावला. त्यांनी बिचाऱ्यांनी सण सोडून मला तासभर शिकवलं. इथं राइट क्लिक करा, तिथं जुनी आवृत्ती निवडा. सॉफ्टवेअर उघडलं! मी सर्टिफिकेटकडे अभिमानानं पाहिलं. तेवढ्यात पडद्यावर आलं, 'सिक्युरिटी डिव्हाइस सापडत नाही.' मग नवा ड्रायव्हर टाकला. बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. तेवढ्यात रुद्रप्पांचा फोन आला, "चन्नवीर, ब्लाउज झालं का रे?"

"होतच आलंय की," मी म्हणालो आणि तिच्या नजरेतून सुटायला गॅलरीत गेलो.

शुक्रवारी संध्याकाळी अमरेश स्वतः घरी आले.

"डोंगल लावलंय न्हवं?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"लावलंय की! घेतल्यापास्नं लावलेलंच हाय." (डोंगल म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. पण एकाहत्तर टक्केवाल्यानं असं कबूल करायचं नसतं.)

ते मागे वाकले. "हितं तर कायच न्हाय. बारकी वस्तू असती, मागं खोचायची. त्याच्याबिगर हे सॉफ्टवेअर चालत न्हाय."

"निळी?"

"व्हय."

"बोटभर?"

"व्हय की!"

मग जे काय ते सांगितलं. पाट तर दसऱ्यालाच उचलला होता. निर्माल्याची पिशवी मीच तलावाकाठी, निर्माल्याच्या कुंडात टाकून आलो होतो. सिद्धेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चपला पायात सरकवल्या. कुंडात उतरून फुलं उपसायची माझी तयारी होती.

"येनाय्तु?" अव्वा कानडीत विचारत आतून आली. काय झालं ते तिला सांगितलं.

"ती निळी व्हय? देवघरात हाय की."

"देवघरात?"

"पाट उचलताना हाताला लागली. काय हाय मला काय ठावं? पण तू पूजेत मांडलास म्हंजे काय तरी असंलच की. टाकायची कशी? दोन दिस फूल वाहते मी तिला."

देवांच्या ओळीत, घंटेशेजारी, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन डोंगल बसलं होतं. मी अव्वाच्या पायावर डोकंच ठेवलं. माझ्यासारख्याच्या शहाणपणावर इतका विश्वास ठेवणारं माणूस घरात आहे, यापेक्षा मोठं भाग्य कुठलं? सिद्धेश्वरीनं तर तिला मिठीच मारली.

डोंगलच्या तोंडाशी गच्च कुंकू बसलं होतं. अमरेशनी ते टूथब्रशनं साफ केलं. (ब्रश माझा.) डोंगल खोचलं, हिरवा दिवा लागला, सॉफ्टवेअर उघडलं. शनिवारी दुपारी मशीननं शेवटचा हत्ती भरला, तेव्हा आम्ही चौघंही मशीनभोवती उभे होतो. कॉफी घ्यायलाही कुणी हललं नाही.

दुधनीला दिपाली पाठमोरी झाली तेव्हा रुद्रप्पा जवळ जाऊन एकेक हत्ती मोजत राहिले. मग सिद्धेश्वरीला म्हणाले, "वैनी, तुमचे उपकार कसे फेडू?" अव्वाला नमस्कार केला, अमरेशना फोन करून धन्यवाद दिले. शेवटी माझ्याकडे वळले. "आणि तू काय केलास रे?"

"सगळं ह्यांनीच तर केलं," सिद्धेश्वरी म्हणाली.

यंदाही खंडेनवमी झाली. पाटावर कात्री आणि टेप; डोंगल मात्र लाल दोऱ्यानं कॉम्प्युटरलाच बांधलेलं. पूजा आटोपली असं समजून मी उठायला लागलो, तर अव्वानं माझा उजवा हात धरला, पहिल्या बोटाला हळदकुंकू लावलं आणि त्यावर फडकं गुंडाळलं.

"आज हत्यारांना सुट्टी," ती म्हणाली. "घरातलं सगळ्यात धोक्याचं हेच हाय."

दसऱ्याला सगळी हत्यारं कामाला लागली. माझ्या बोटाचं फडकं सोडायला मी सिद्धेश्वरीपुढं हात केला, तर तिनं फक्त गाठ घट्ट केली आणि म्हणाली, "नंतर."