कुलूपरावांची दहा मिनिटं

ऑफिसात त्यांना सगळे कुलूपराव म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडे. दातांच्या डॉक्टरांच्या वेळा मोबाईलवर ठरवून देणारी ती कंपनी, आणि रुग्णांच्या नोंदी कुलूपरावांच्या ताब्यात. पूर्वी त्या सगळ्यांना सदासर्वदा उघड्या असत. कुलूपरावांनी ते बंद केलं. आता नोंद बघायची तर कारण लिहायचं, दुसऱ्याने ते मंजूर करायचं, मग लागेल तेवढीच नोंद दहा मिनिटं दिसायची. काम नसताना जो डोकावेल त्याचा प्रवेश महिनाभर बंद. "यात मीही आलो," असं त्यांनी भर मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं.

सोमवारी भिंतीवरच्या पडद्यावर आकडा झळकला. एकाच रुग्णाने एक्केचाळीस वेळा वेळ रद्द केली होती. नाव अर्थातच झाकलेलं. कॉफीच्या मशीनपाशी तर्कवितर्कांना ऊत आला. कुणी म्हणे भित्रा असेल, कुणी म्हणे चक्रम. "उत्सुकता हे कारण होत नाही," असं सुनावून कुलूपराव गालाला हात लावत जागेवर येऊन बसले. त्यांची दाढ दोन महिने ठणकत होती. इतक्यात मोबाईल वाजला. कामाच्या वेळी आलेल्या प्रत्येक मेसेजला ते न वाचताच 'नको' दाबत, तसं आताही दाबलं.

पडद्यावर बेचाळीस झाले.

आता मात्र त्यांना राहवेना. पण कारण कुठून आणायचं? ते जिन्यात गेले आणि आवाज घोगरा करून आपल्याच कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला. कोणीतरी सारख्या वेळा अडवून ठेवतं, आम्हाला मिळतच नाहीत, असं रडगाणं गायलं. तक्रारीचा नंबर मिळाला, तोच टाकून अर्ज केला. तक्रार विभागाच्या ताईंनी तो लगेच मंजूर केला.

एकच ओळ उघडली. कुलूपरावांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. रुग्ण ते स्वतःच होते. वेळ घेणारी त्यांची बायको. ती बिचारी दोन महिने पुन्हा पुन्हा वेळ घेत होती, 'वेळ हवी ना?' असा कंपनीचा मेसेज यांना येत होता आणि हे प्रत्येक वेळी 'नको' दाबत होते. दहातली नऊ मिनिटं अजून शिल्लक होती आणि ती काही केल्या सरेनात.

मागे ताई येऊन उभ्या होत्या.

"फोनवरचा आवाज मी ओळखला होता," त्या हळूच म्हणाल्या. "पण मलाही बघायचं होतं हो, कोण ते."

"म्हणजे आता महिनाभर..."

"दोघांनाही बंद. नियम तुमचाच. आणि एक सांगू? स्वतःची नोंद तर प्रत्येकाला मोबाईलवर दिसते. तिला परवानगी लागतच नाही."

कुलूपराव इतके ओशाळले की दाढ दुखायचीही थांबली. घरी कळू देऊ नका, एवढंच त्यांनी विनवलं. पण दुपारी ताई पुन्हा आल्या.

"वहिनींशी बोलले मी. उद्या अकराची वेळ घेतलीय त्यांनी. तुम्हाला ती फक्त बघता येईल. रद्द करायचा अधिकार वहिनींकडे. ज्याला लागेल तेवढंच द्यायचं, नाही का?"

तेवढ्यात मोबाईल वाजला. कुलूपरावांचा अंगठा सवयीने पुढे गेला. 'नको'चं बटण तिथे नव्हतं.