सगळ्यांना माहीत असलेली ओळ

गफूरचाचांच्या दुकानाच्या दारावर लिहिलंय, "दार आत ढकला. उघडलं की आत या." येरमाळ्यात हायवेला लागून, पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून त्या भरून द्यायचं हे दुकान. आत अशा एकोणीस पाट्या आहेत, मी मोजल्यात. स्टुलावर "एकानंच बसावं." चहाच्या कपावर लिहिता येत नाही, म्हणून तोंडी सांगतात, "गरम हाय. फुंकून घ्या."

"चाचा, हे सगळ्यांना माहीत असतंय की!" असं कुणी म्हटलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर, "कुणाला काय मालूम हाय, तुमाला काय मालूम?"

दुरुस्त केलेल्या मोटारीसोबत ते ती कशी चालवायची याचा हातानं लिहिलेला कागद देतात. सतरा ओळी. लोक हसतात, पण कागद स्टार्टरच्या पेटीत चिकटवतात.

माझी मुलगी स्वाती शाळेत असताना हे कागद त्यांना चांगल्या अक्षरात उतरवून द्यायची. बी.एस्सी. झाल्यावर म्हणाली, "बाबा, मला विद्यापीठात टेक्निकल रायटिंग शिकायचंय. यंत्र कसं वापरायचं ते लोकांना कळेल असं लिहायचं."

मी हिशेबी माणूस. बी.एड. केलं तर जिल्ह्यात शाळा आहेत. या लिखाणाच्या नोकऱ्या आपल्याकडं किती? माझ्या माहितीत शून्य. फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. चाचांचं ती ऐकते, म्हणून तिला घेऊन दुकानात गेलो.

"चाचा, सांगा हिला. दोन ओळी लिहायला विद्यापीठ कशाला लागतंय?"

एरवी चाचा हसले असते. त्या दिवशी त्यांनी खणातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला तेलकट कागद काढला. त्यांचंच अक्षर, पण ओळी सहाच.

"वाच बेटा. काय राहिलंय?"

स्वातीनं दोनदा वाचला. "चाचा, पहिलीच ओळ 'झाकण उघडा' आहे. त्याआधी मेन स्विच बंद करायचं लिहिलं नाही."

"व्हय. वाटलं, तेवढं तर सगळ्यांनाच मालूम हाय." चाचा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "सलीमला नव्हतं. माझा धाकटा भाऊ. शिकायला बाहेर असायचा. शेतातल्या मोटारीला पहिल्यांदाच हात लावला त्यानं. कागद बघून बघून."

सोळा वर्षं आमचा शेजार. चाचांना भाऊ होता, हे मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी स्वातीच्या फॉर्मवर सही केली.

ती निघाली त्या दिवशी चाचांनी स्टँडवर तिच्या हातात कागद दिला. बावीस ओळी. पहिली, "गाडीची पाटी वाचा, मगच चढा." शेवटची, "पोचल्यावर फोन करा."

गाडी वळणाआड गेली तरी चाचा हलेनात.

"एक ओळ राहिली," ते म्हणाले.

"कोणती?"

"सुट्टी लागली की घरी या."

'तेवढं तिला माहीत आहे' असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. स्वातीला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.