सब्जातली गोळी

बियाण्याच्या बाबतीत मला शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. जालन्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं बियाणं चाळतोय, नुसतं मुठीत घेऊन उगवेल की नाही ते सांगतो. त्यामुळे मला मलेरिया झाला, डॉक्टरनं तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पहिल्याच गोळीच्या कडूपणानं डोळ्यांसमोर पूर्वज उभे राहिले, तेव्हा उपाय मलाच सुचणार होता.

वाटीभर सब्जा भिजवायचा. फुगून बुळबुळीत झाला की गोळी त्यात बुडवायची आणि गट्ट! चव नाही, काही नाही.

"डॉक्टरला इचारलं का?" बायको म्हणाली. बेबीनंदाला प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारायची असते.

"डॉक्टरला बियाण्यातलं काय कळतंय?"

मला बरं होणं भागच होतं. पुढच्या रविवारी आमच्या भावनाचा साखरपुडा होता. आधी एकदा मयतामुळे आणि एकदा हॉल न मिळाल्यामुळे तारीख हुकली होती. "पप्पा, तिसऱ्यांदा न्हाई हं," पोरीनं बजावलं होतं. वडीगोद्रीहून होणारे व्याही राजानंद यांचा तब्येत विचारायला फोन आला, तेव्हा मी त्यांना सब्जाची युक्ती मापासकट वीस मिनिटं समजावून सांगितली. तेही बारकाईनं ऐकत होते.

गोळ्या संपल्या आणि दुसऱ्याच दिवशी ताप परत आला. खाट अशी हादरायला लागली की गिरणी सुरू झाली समजून शेजारीण दळणाचा डबा घेऊन आली.

"गोळ्या घेतल्या का?" डॉक्टरनं विचारलं.

"घेतल्या की," मी बोलायच्या आत बेबीनंदा म्हणाली. "वाटीभर सब्जात बुडवून."

डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, गोळी त्या चिकट गोळ्यात गुरफटून बसली तर अंगाला लागणार कशी? सब्जा बिलकुल बंद. जेवण करायचं आणि साध्या पाण्यानं गोळी घ्यायची."

परत तीन दिवस तो कडू छळ. बेबीनंदा तांब्या घेऊन समोर उभी राहायची. गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायला लावायची. पण ताप गेला. शनिवारी मी अगदी ठणठणीत होतो. भावना समोर मेंदी वाळवत बसली होती. मी मोठ्या दिमाखात स्पीकर लावून वडीगोद्रीला फोन केला.

"व्याही, तब्येत एकदम बराबर. उद्या अकराला या."

पलीकडे राजानंद खाकरले.

"भाऊ, सांगणार नव्हतो. तारीख परत हुकंल म्हनून लपवून ठेवल्तं. आमच्या संघपालला बी मलेरियाच झालाय."

नवरदेवच आजारी! "मंग गोळ्या दिल्या न्हाई का?"

"दिल्या ना. तुमच्याच युक्तीनं, मापात. तरी ताप उतरून न्हाई राह्यला. म्हनून कालपासून सब्जा डबल केलाय."

"तो सब्जा आधी फेका," मी ओरडलो. "आणि पोराला जल्दी डॉक्टरकडं न्या."

फोन ठेवला. भावना दोन्ही मेंदीचे हात तसेच हवेत धरून माझ्याकडे बघत होती.

"पप्पा, त्यांना ही युक्ती कुणी सांगितली?"

बेबीनंदा दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे न बघता मी म्हणालो, "कुणी का सांगंना. त्यांनी आधी डॉक्टरला इचारायला पायजे होतं."