बांधावरचे गवत आणि वणव्याची पूर्वतयारी

आग सात-बारा पाहून येत नाही, असे शासनाचे मत आहे. आमच्या गावाला ते मान्य नाही.

आमचे गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. १९९४च्या माघात वणव्यापासून घर कसे वाचवावे याचे पत्रक गावात आले. कौलांवरचा पालापाचोळा काढावा, गवताची गंजी घरापासून लांब रचावी, घराभोवती दहा पावले जागा साफ ठेवावी, अशा अकरा सूचना होत्या. गावाने दहा तंतोतंत पाळल्या. (पत्रक दर्शनी भागी चिकटवण्याची सूचना तर दोनदा पाळली.) अडचण दहा पावलांची झाली. सदतीस घरांपैकी एकोणतीस घरांना शेजारी म्हणून सख्खा किंवा चुलत भाऊच लाभला आहे. तिथे दहा पावले टाकली की फौजदारी होते.

नानासो आणि भाऊसो यांचेच पाहा. सख्खे भाऊ, दोन घरांत अंतर बारा पावले, मधोमध बांध. बांध कोणाचा, हा दावा सात वर्षे चालू होता आणि तोवर कोर्टाने 'जैसे थे'चा आदेश दिला होता. त्यामुळे बांधावरचे गवत कोणीच कापले नाही. गवताला मात्र आदेशाची प्रत मिळाली नसावी, ते छातीएवढे वाढले. कायद्याची इतकी बूज राखणारी माणसे आता दुर्मीळ झाली आहेत.

भाऊसोची बायको राहीबाई शिकलेली नव्हती, म्हणून तिला भीती वाटली. पत्रकाबरहुकूम तिची गंजी घरापासून लांब, म्हणजे बांधाला टेकवून रचली होती. दोन म्हशींची पावसापर्यंतची वैरण तेवढीच होती. फाल्गुनात ती विळा घेऊन निघाली.

"आवं, कापते की मी. वणवा आला तर म्हशींनी खायाचं काय?"

"इळा ठेव खाली," भाऊसो म्हणाला. "एक काडी तुटली तरी केस गेली आपली."

पलीकडच्या ओट्यावरून नानासो म्हणाला, "लावू दे हात. लय वर्सं वाट बघतोय मी." (हे तो वाऱ्याला म्हणाला. भावाशी बोलणे बंद होते.)

चैत्रात वणवा आला. पुढच्या साली गवत चांगले यावे म्हणून डोंगर आपणच पेटवायचा, ही गावाची रीत आहे. आग उतरून बांधावर आली. दोघे भाऊ भरल्या घागरी घेऊन आपापल्या हद्दीत उभे राहिले. बांधावर पाणी कोणी टाकले नाही. पाण्याने स्थिती बदलते. राहीबाईने दावी कापून म्हशी सोडल्या. ओल्या फांद्यांनी झोडपून गावाने घरे वाचवली, गंजी गेली. राखेपुढे बसून ती रडत होती ते बघवत नव्हते. पण मी दोन्ही बाजूंचा साक्षीदार असल्याने काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ एकाच एसटीने, वेगवेगळ्या बाकांवर बसून, मेढ्याला गेले. दुसऱ्याने बांध बोडका होऊ देऊन आदेश मोडला, अशी दोघांचीही तक्रार होती. वैशाखात राहीबाईच्या म्हशी कराडच्या बाजारात गेल्या.

वाचकांना हसू आले असेल, तर जरूर हसावे. मात्र आपले आपल्या भावाशी बोलणे नेमके कशावरून बंद झाले, ते एकदा आठवून पाहावे. आठवत नसेल तर वकिलाला विचारावे.