सायंदीप मंडळींची पट्टी उतरली ते समयींची बखर

श्रीनादरूपिणी वाग्देवता प्रसन्न असो. जिचे कृपेनें मुक्यास कंठ मिळतो आणि एका कंठास दुसऱ्याची सोबत मिळते, तिचे चरणीं मस्तक ठेवोन, दूर पूर्वेस समुद्राचे कांठीं वसलेल्या एका राज्यांतील चार गवयांचें वर्तमान जैसें कानीं आलें तैसें लिहितों. श्रोतीं सावकाश चित्त द्यावें.

शके १९२० बहुधान्यनाम संवत्सरीं चार तरुण एकत्र जाहले आणि त्यांनीं सायंदीप या नांवें मंडळी स्थापिली. थोरले थेगन, ज्यांचा तारस्वर घंटेच्या नादासारिखा, विरतां विरतां अधिकच उजळणारा. दुसरे ग्युबोम, थेगन यांचे स्वराखालीं दोन स्वरांचें अंतर राखोन चालणारे. तिसरे मानजे, मधल्या स्वरांचे धनी आणि मोठे थट्टेखोर. धाकटे दोऊल, ज्यांचा खर्ज ऐसा की ऐकणाराचे पायांस आधीं कळावा आणि कानांस मागाहून. तेसमयीं त्या राज्यीं नाचणाऱ्या मंडळ्यांचा सुकाळ होता, रोज नवी उदयास येई आणि वर्षभरांत मावळे, आणि हे चौघे मात्र नाचत नव्हते, उड्या मारीत नव्हते, नुसते खांद्यास खांदा लावोन उभे राहत आणि गात. ताल दाखविणारा कोणी नसे. थेगन श्वास घेत, तो ऐकोन तिघे श्वास घेत, आणि मग चार कंठांतून एकच स्वर ऐसा उमटे की कोणाचा कोणता हें त्यांच्या मातांसही सांगतां येऊं नये. त्या राज्याचा दंडक ऐसा की प्रत्येक पुरुषानें कांहीं काळ सैन्यांत जावें, सबब चौघे एकामागून एक गेले. परंतु जो गेला त्याचे जागीं दुसरा घेतला नाहीं, त्याचे स्वर कोणी गाइले नाहींत, रंगमंचावर त्याची जागा मोकळी ठेविली आणि गाण्यांतही मोकळी ठेविली, आणि रसिकजन त्या मोकळ्या जागेसही टाळी देत. हा त्या मंडळींचा रिवाज.

ऐसें पंचवीस वर्षें चाललें. मग थेगन पन्नाशीस टेकले आणि एके दिवशीं तिघांसमक्ष बोलिले, "ज्या दिवशीं माझा वरचा स्वर उतरेल त्या दिवशीं मीही उतरेन. मागाहून कोणी मनधरणी करूं नये." त्या देशीं धाकट्यानें थोरल्यास ह्योंग म्हणावें, म्हणजे दादा, आणि ह्योंगांचे शब्दावर शब्द टाकूं नये, सबब तिघांनीं मान लवविली. परंतु थेगन गेले तर रिवाजाप्रमाणें ती जागा सदाची मोकळी राहणार, आणि डोकें नसलेलें गाणें तिघांनीं कैसें वाहावें, हें शल्य तिघांचेही उरीं बसलें.

शके १९४५ शोभननाम संवत्सरीं, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, रविवारीं, पंचविशीचा जलसा नेमिला. दुपारीं तालीम जाहली आणि पहिलेंच जुनें गाणें, जें पियानोच्या पांचव्या पांढऱ्या घरावरोन, म्हणजे पांढरी पांच या पट्टींत, बांधिलेलें, त्याचे शिखरीं थेगन यांचा स्वर तडकला. मानजे यांसही थट्टा सुचली नाहीं. मग तालीम आटोपली आणि पियानो वाजविणाऱ्या ओक्रानबाई, ज्या आरंभापासोन मंडळींस साथ करीत, वाद्यापाशीं एकट्याच बसल्या होत्या, तेथें प्रथम दोऊल आले आणि हळूच म्हणाले, "बाई, पट्टी एक घर खालीं घ्या. ह्योंगांस कळूं देऊं नका, आणि बाकीच्या दोघांसही." बाईंनीं मान डोलाविली. मग मानजे आले, तेंच बोलिले. मग ग्युबोम आले, तेंच बोलिले. शेवटीं आणखी एक जण आले, त्यांनींही एकच घर मागितलें, आणि जातां जातां डोळे पुसोन गेले. बाईंनीं चौघांस वचन दिलें आणि वादकांस बोलावोन आज्ञा सांगितली.

सायंकाळीं सभागृह भरलें. रसिकांनीं हातांत लहान दिवे धरिले आणि केशरी उजेडाची जणूं शेती पिकली. मग पियानोचे आरंभींचे स्वर निघाले, थेगन यांनीं श्वास घेतला, तिघांनीं घेतला, आणि गाणें ऐसें खोल निघालें की दुसरे ओळीस दोऊल यांस खालीं पाय ठेवावयास जमीनच उरेना, खर्जाचे ठायीं नुसता वारा निघाला. थेगन यांनीं हात वर करोन गाणें थांबविलें आणि विचारिलें, "बाई, ही कोणती पट्टी?"

"काळी दोन," बाई बोलिल्या.

"पांढरी पांचावरोन काळी दोन? चार घरें?"

"मी काय करूं? एक एक घर मागावयास आलां, एक एक दिलें. कोणाचें वचन मोडूं?"

सभेंत हंशा उठला. थेगन यांनीं वळोन पाहिलें. दोऊल यांनीं हात वर केला, मग मानजे यांनीं, मग ग्युबोम यांनीं.

"दोऊल, तुझा खर्ज आधींच तळाशीं. तूंही मागितलेंस?"

"ह्योंग, मी तोंड हलवीन म्हटलें. कोणास कळतें!"

"हे तीन जाहले," मानजे बोटें मोजोन म्हणाले. "बाई, चौथा चोर कोण?"

बाईंनीं नजर पियानोकडे वळविली. मग थेगन यांनीं आपला हात वर केला आणि म्हणाले, "मी. मलाही जावयाचें नव्हतें."

हें ऐकोन ग्युबोम यांस हुंदका आवरेना. थेगन यांनीं क्षणभर त्यांजकडे पाहिलें आणि बोलिले, "बाई, पट्टी मूळ जागीं न्या. स्वर उतरला तर मी उतरेन ऐसें बोललों होतों. स्वर उतरला, आतां बोल पाळितों." ऐसें म्हणोन ते आपली पंचवीस वर्षांची जागा सोडोन एक पाऊल बाजूस, ग्युबोम उभे होते तेथें आले, आणि त्यांस दंडास धरोन आपले जागीं उभें केलें. "मी दोनच स्वर उतरतों. वरचा तूं गा."

"ह्योंग, मला तो येत नाहीं."

"पंचवीस वर्षें त्याचे खालीं उभा आहेस. येतो."

मग पांढरी पांच लागली, आणि श्वास मात्र पूर्वीप्रमाणें थेगन यांनींच घेतला, तिघांनीं त्यामागोमाग घेतला, आणि शिखर आलें तेव्हां ग्युबोम यांचा स्वर किंचित थरथरोन स्थिरावला, आणि त्याखालीं दोन स्वरांवर थेगन यांचा कंठ ऐसा लागला की जणूं लेंकरूं भिंत धरोन उभें राहतां आईनें मागें हात धरावा, लावूं मात्र नये.

येणेंप्रमाणें सायंदीप मंडळींची पट्टी चार घरें उतरली आणि जागीं आली, थोरले दोन स्वर उतरले आणि राहिले, आणि जागा एकही मोकळी पडली नाहीं. ऐकिलें तितकें लिहिलें. गाइलें तें लिहितां येत नाहीं. लेखनसीमा.