मोठ्या गुरुजींचे डोळे

एका जंगलात एक शाळा होती. जंगलात कसली शाळा, असं विचारू नका बाळांनो. जिथं राजा असतो तिथं हुकूम असतो, आणि हुकूम पाळायला कुणीतरी लागतंच. म्हणून शाळा होती.

एकदा सिंहाचा हुकूम आला. अवयवदानाचा सप्ताह करा. मेल्यावर डोळे जाळायचे नाहीत, पुरायचे नाहीत, दुसऱ्याला द्यायचे, हे सगळ्यांना शिकवा.

गुरुजी मंडळी कामाला लागली. फेरी निघाली, रांगोळ्या निघाल्या. बगळेगुरुजींनी घोषणा लिहिली, ‘जाता जाता डोळे द्या, अंधाऱ्या घरी दिवा लावा!’ पोरं घसा फुटेस्तोवर ओरडली. लांडोरबाईंनी तर नाच बसवला. पोरांनी डोळ्यांना पट्ट्या बांधून नाचायचं. दोन ससे आपटले, पण टाळ्या खूप पडल्या.

त्याच शाळेत टिकली नावाचं चितळाचं पाडस होतं. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. समोर वाघ आला तरी त्याला ‘रामराम’ म्हणेल, असली गत. सुतारपक्षी डॉक्टर तिच्या आईला म्हणाले होते, “कुणी गेलं आणि लगेच डोळे मिळाले, तर पोर बघेल. उशीर झाला तर उपयोग नाही.” तेव्हापासून ती माउली फेरीच्या मागून चालायची. एवढे जण ओरडतायत, एक तरी देईल, अशी तिची भाबडी समजूत.

सप्ताह बघायला कोल्हेसाहेब आले. त्यांनी विचारलं, “अवयवदान कुणाकुणाला ठाऊक आहे?”

सगळ्या गुरुजींनी पाय वर केले.

“आणि देणार कोण कोण?”

बगळेगुरुजी चटकन शेजारच्या डबक्यात बघायला लागले. लांडोरबाई पदर सारखा करायला लागल्या. कासवगुरुजींनी मान आतच घेतली. आतूनच म्हणाले, “साहेब, आमचं काम शिकवायचं. द्यायचं काम पालकांचं.”

“वा! शाळा उत्तम आहे,” म्हणाले कोल्हेसाहेब, आणि जेवायला बसले.

समारोपाला मोठे गुरुजी उभे राहिले. मोठे गुरुजी म्हणजे म्हातारं सांबर, बोलायला फार गोड. “बंधूंनो, हा देह काय, आज आहे उद्या नाही...” एवढं म्हणाले आणि खरंच ‘नाही’ झाले. तिथंच कोसळले.

रडारड झाली. सुतारपक्षी डॉक्टर उडतच आले. छाती ऐकली, मान हलवली, आणि सांबरीणबाईंना हळूच म्हणाले, “वहिनी, वाईट वेळी विचारतोय. डोळे द्याल का? टिकलीला दिसेल.”

सांबरीणबाईंनी डोळे पुसले. “मला काय कळतंय भाऊजी? घरी हा विषय कधी निघालाच नाही. घरी आले की चारा मागायचे. पण हे गुरुजी लोक शिकवतात ना, ते सांगतील तसं.”

झालं! आता गुरुजींची परीक्षा.

बगळेगुरुजी घसा खाकरून म्हणाले, “दान उत्तमच. पण मोठ्या गुरुजींना चष्मा होता.”

“चष्मेवाल्याचे चालतात,” डॉक्टर म्हणाले.

“असं? सप्ताहात हे नव्हतं.”

लांडोरबाई सांबरीणबाईंच्या कानाशी लागल्या. “वहिनी, मी आपली बाईमाणूस म्हणून सांगते. डोळ्यांवाचून गेले, तर पुढच्या जन्मी आंधळे यायचे.”

“अहो बाई, परवा तुम्हीच पोरांना नाचवलंत ना?”

“तो नाच होता हो. हे घरचं आहे.”

तेवढ्यात टिकलीची आई पुढं आली. सांबरीणबाईंच्या पायाशी बसली. तिनं नुसतं टिकलीला पुढं केलं. पोर हवेत नाक फिरवत म्हणाली, “काकू, तुम्ही रडताय का? कुठे आहात तुम्ही?”

सांबरीणबाईंनी हुंदका गिळला. “घ्या भाऊजी डोळे. माझं सांबर मातीत जाणारच आहे. निदान बघत तरी राहील.”

डॉक्टर पुढं झाले. “पापण्या मिटून वर ओलं फडकं ठेवा. उन्हातनं सावलीत घ्या.”

“थांबा!” कासवगुरुजींनी मान बाहेर काढली. “आधी शोकसभा. शाळेचा तसा प्रघातच आहे. आणि फडकं नको. अंत्यदर्शन आहे, चेहरा झाकायचा नाही.”

“अहो, वेळ जाईल!”

“डॉक्टर, प्रसंगाचं गांभीर्य ठेवा.”

मोठ्या गुरुजींना मैदानात उन्हात निजवलं. हार घातले. बगळेगुरुजी बोलायला उठले. विषय काय? मोठ्या गुरुजींचे डोळे! किती करुण, किती पाणीदार! मग लांडोरबाई बोलल्या. त्यांना मध्येच भरून आलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून बोलल्या. मग कासवगुरुजी. कासवाचं भाषण म्हणजे तुम्ही समजून घ्या. डॉक्टर दोनदा उठले, दोनदा त्यांना खाली बसवलं. सांबरीणबाई उठल्या, तर त्यांना पाणी पाजून बसवलं.

सभा संपली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. डॉक्टरांनी मोठ्या गुरुजींचे डोळे तपासले. कोरडे, धुरकट. “आता नाहीत कामाचे,” एवढंच बोलून ते उडून गेले.

टिकलीची आई जागची हलली नाही. सांबरीणबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. दोघींमध्ये कोण कुणासाठी रडतंय, कळेना.

गुरुजींना मात्र फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की ते ठराव करतात. मोठ्या गुरुजींच्या नावानं दर वर्षी नेत्रदानावर चित्रकलेची स्पर्धा! पहिल्याच वर्षी टिकलीला खास बक्षीस दिलं. मोठ्या गुरुजींची रंगीत तसबीर, तीही डोळे उघडे असलेली.

“कशी आहे, सांग बरं सगळ्यांना,” बगळेगुरुजी कौतुकानं म्हणाले.

टिकलीनं तसबिरीवरून नाक फिरवलं. “गार आहे, गुरुजी.”

टाळ्या पडल्या.

तात्पर्य : बाळांनो, डोळे अवश्य द्यावेत. पण ज्याला द्यायचे असतील त्यानं शाळेच्या आवारात मरू नये.